करार हातात, सीट दुसऱ्याची: फॉर्म्युला वनमधल्या बदल्यांचा हिशोब

फॉर्म्युला वनचा २०२५ चा हंगाम ७ डिसेंबरला अबु धाबीत संपला. लँडो नॉरिसने मॅक्स वर्स्टॅपेनला अवघ्या दोन गुणांनी मागे टाकलं, ४२३ विरुद्ध ४२१, आणि पहिल्यांदा विश्वविजेता झाला. आता नवा हंगाम ८ मार्चला मेलबर्नमध्ये सुरू होणार. मधल्या तीन महिन्यांत शर्यत नसते, पण खेळाच्या बातम्या बघाल तर शर्यतीच्या दिवसांपेक्षा जास्त. कोणाला कुठल्या टीमने घेतलं, कोणाला काढलं, कोणाचं इंजिन कोणी घेतलं. नववी-दहावीची मुलं हे सगळं मोबाइलवर वाचतात आणि मधल्या सुट्टीत येऊन एकच प्रश्न विचारतात: "त्याचा तर करार होता ना? मग काढलं कसं?"

प्रश्न साधा वाटतो, पण सगळी भानगड त्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी आकडा लक्षात घ्या. २०२५ मध्ये १० टीम होत्या, प्रत्येकीच्या दोन गाड्या, म्हणजे साऱ्या जगात मिळून २० सीट. यंदा कॅडिलॅक ही अकरावी टीम आली म्हणून २२ झाल्या. क्रिकेटमध्ये एखादा खेळाडू भारतीय संघातून गेला तरी रणजी आहे, आयपीएल आहे. इथे वरच्या पायरीवर २२ च माणसं मावतात, आणि खाली उतरलेला पुन्हा वर येईलच याची काही खात्री नाही. सर्जिओ पेरेझचं बघा. जून २०२४ मध्ये रेड बुलने त्याचा करार वाढवल्याचं वाजतगाजत जाहीर केलं, २०२६ पर्यंत. त्याच वर्षी १८ डिसेंबरला तो टीमबाहेर. मधल्या सहा महिन्यांत झालं काय? हंगामाअखेर त्याचे गुण होते १५२ आणि त्याच टीममधल्या वर्स्टॅपेनचे ४३७. वर्स्टॅपेन वैयक्तिक विजेता झाला, पण टीम म्हणून रेड बुल तिसऱ्या नंबरावर घसरली.

हा टीमचा नंबर फार महागडा असतो. बक्षिसाची रक्कम चालकाच्या नाही, टीमच्या क्रमांकावरून वाटली जाते आणि टीमचे गुण म्हणजे दोन्ही गाड्यांची बेरीज. एक मुलगा वर्गात पहिला आला म्हणून शाळेचा निकाल शंभर टक्के लागत नाही, तसंच हे. दुसऱ्या गाडीत बसलेला माणूस मागे पडत राहिला तर टीमचं नुकसान कोट्यवधींच्या घरात जातं. मग टीम हिशोब मांडते: याला करार मोडण्याची भरपाई देऊन घरी पाठवणं स्वस्त, की ठेवून घेणं? त्यात आणखी एक गोम आहे. टीमने वर्षाला किती खर्च करायचा याला आता मर्यादा आहे, पण चालकांचे पगार त्या मर्यादेत धरत नाहीत. त्यामुळे चालकाला पैसे देऊन मोकळं केलं म्हणून गाडीच्या कामाचा निधी कमी होत नाही. मॅक्लारेनने डॅनियल रिकार्डोबरोबरचा करार २०२२ च्या अखेरीस, एक वर्ष शिल्लक असताना, आपसांत मिटवला तो असाच.

थोडक्यात, या खेळात करार म्हणजे "मी इथेच राहीन" अशी जबान नव्हे. निघायची वेळ आली तर कोणी कोणाला किती द्यायचं आणि कुठल्या अटीवर सुटायचं, याची ती लिखापढी असते. दार दोन्ही बाजूंनी उघडतं, हेही विसरू नका. लुईस हॅमिल्टनने ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीजबरोबर आणखी दोन वर्षांचा करार जाहीर केला होता. १ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे त्या करारातली एकही शर्यत व्हायच्या आधी, बातमी आली की २०२५ पासून तो फेरारीत. त्याच्या करारात एका वर्षानंतर बाहेर पडायची मुभा होती, ती त्याने वापरली. सात वेळचा विश्वविजेता आहे, त्यातली सहा विजेतेपदं मर्सिडीजच्या गाडीतली. टीमने नाराजी गिळली आणि शुभेच्छा दिल्या. दुसरं करणार तरी काय?

एक हलला की दहा हलतात

हॅमिल्टन फेरारीत जाणार म्हणजे तिथला कोणी तरी उठणार. उठला कार्लोस सैन्झ. बिचाऱ्याला २०२४ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच कळलं की हे आपलं इथलं शेवटचं वर्ष. दुसऱ्याच शर्यतीच्या वेळी, जेद्दाहमध्ये, त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्याच्या जागी १८ वर्षांच्या ऑलिव्हर बेअरमनला ऐन वेळी बसवलं आणि तो पोरगा सातवा आला. दोन आठवड्यांनी सैन्झ टाके सांभाळत मेलबर्नला उतरला आणि शर्यत जिंकला! पुढे मेक्सिकोतही जिंकला. तरीही मोठ्या टीमपैकी कोणी त्याला घेतलं नाही. जुलैअखेर त्याने विल्यम्सशी करार केला, जी तेव्हा तळाकडची टीम होती.

तिकडे मर्सिडीजची जागा मोकळी झाली. तिथे त्यांनी १८ वर्षांचा किमी अँटोनेली आणला. आदल्याच दिवशी मोंझाच्या सरावात याने गाडी भिंतीवर घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी टीमने त्याचं नाव जाहीर केलं. (आपल्याकडे मुलाखतीला पाच मिनिटं उशीर झाला तर नोकरी जाते.) बेअरमन हासमध्ये गेला, हासचा हुल्केनबर्ग साउबरमध्ये, साउबरचे बोटास आणि झोऊ दोघेही बाहेर, अल्पीनचा ओकॉन हासमध्ये, त्याच्या जागी जॅक डूहान. २०२५ सुरू झालं तेव्हा आदल्या हंगामाच्या सुरुवातीची जोडी जशीच्या तशी ठेवलेल्या टीम होत्या फक्त दोन, मॅक्लारेन आणि अ‍ॅस्टन मार्टिन.

आमच्याकडे मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्यांची यादी लागते तेव्हा असंच होतं. एकाने आपल्या गावाजवळची शाळा मागितली की साखळीतल्या पाच जणांची बिऱ्हाडं हलतात. फरक इतकाच की आपल्याकडे अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचं समायोजन तरी होतं. तिथे अतिरिक्त ठरलेला चालक फार तर "राखीव" म्हणून दुसऱ्या टीमच्या गॅरेजमध्ये हेडफोन लावून उभा राहतो.

आता वर्षभरानंतरचा निकाल बघा, मजेशीर आहे. फेरारीत गेलेल्या हॅमिल्टनला २०२५ मध्ये एकाही मुख्य शर्यतीत पहिल्या तिघांत येता आलं नाही. त्याच्या सबंध कारकिर्दीत असं पहिल्यांदा घडलं. चीनमधली छोटी स्प्रिंट शर्यत तेवढी जिंकला. उलट विल्यम्समध्ये गेलेला सैन्झ बाकू आणि कतार अशा दोन शर्यतींत तिसरा आला. अँटोनेली तीनदा पोडियमवर चढला. माझं मत विचाराल तर या सगळ्या अदलाबदलीत सर्वांत शहाणा व्यवहार सैन्झचा ठरला, आणि तो त्याने मनाविरुद्ध केला होता.

रेड बुलची दुसरी खुर्ची

पेरेझच्या जागी रेड बुलने लियाम लॉसनला घेतलं. किती शर्यतींसाठी? दोन. मेलबर्न आणि शांघाय या दोन शर्यतींत गुण शून्य, आणि लगेच जपानच्या शर्यतीआधी त्याला छोट्या भावंडाच्या टीममध्ये, रेसिंग बुल्समध्ये, परत पाठवलं. तिथून युकी त्सुनोडाला वर आणलं. रेड बुलच्या मालकीच्या दोन टीम असल्यामुळे त्यांना हे जमतं. खालच्या टीममध्ये पोरं तयार करायची, जमला तर वर, नाही जमला तर खाली.

पण वर जाऊन टिकलंय कोण? २०१८ अखेर रिकार्डो निघून गेल्यापासून वर्स्टॅपेनच्या शेजारच्या सीटवर गॅसली बसला, बारा शर्यतींनंतर उतरवला. मग अल्बन, मग पेरेझ, मग लॉसन, मग त्सुनोडा. त्यातला पेरेझच काय तो चार हंगाम टिकला. गंमत म्हणजे खाली पाठवलेला गॅसली २०२० मध्ये त्याच छोट्या टीमची गाडी घेऊन मोंझा जिंकला. म्हणजे माणसं कच्ची नव्हती.

मग अडतं कुठे? गाडी सुधारत जाते ती तिच्यातून सगळ्यात जास्त वेग काढणाऱ्या चालकाच्या बोलण्यावरून. वर्स्टॅपेनला गाडीचं नाक वळणावर झटकन आत वळणारं लागतं. मागची चाकं थोडी निसटली तरी तो सांभाळून घेतो. प्रत्येक नवा भाग त्याच्या हाताला जुळत जातो आणि दुसऱ्याला तीच गाडी बिथरल्यासारखी वाटते. एखाद्या कारागिराची हत्यारं दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं आहे हे. त्यात तुलना कोणाशी, तर जगातल्या सर्वोत्तम चालकाशी. २०२५ मध्ये त्सुनोडाने रेड बुलसाठी ३० गुण मिळवले, वर्स्टॅपेनचे ४२१.

२ डिसेंबरला रेड बुलने जाहीर केलं की २०२६ मध्ये ही खुर्ची आयझॅक हाजारची. या मुलाकडे लक्ष ठेवा. पॅरिसमध्ये वाढलेला, अल्जीरियन आई-बापांचा, वय २१. मागच्या वर्षी मेलबर्नला त्याची पहिली शर्यत होती, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच्या फेरीत, जी फक्त टायर गरम करायला असते, ओल्या रस्त्यावर गाडी घसरून भिंतीवर गेली. हेल्मेट न काढता रडत चालला होता. तेव्हा लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी, अँथनी हॅमिल्टन यांनी, त्याला जवळ घेऊन समजावलं. दुसऱ्या टीमचा पोरगा, आपल्या मुलाचा प्रतिस्पर्धी, पण बापाचं मन. तोच हाजार ३१ ऑगस्टला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला तिसरा आला (आणि फोटो काढताना चिनी मातीची ट्रॉफी फोडून बसला). हंगामात ५१ गुण. नव्या मुलासाठी उत्तम, पण आता बसायचंय वर्स्टॅपेनशेजारी.

खाली रेसिंग बुल्समध्ये लॉसनच्या जोडीला अरविड लिंडब्लाड येतोय, १८ वर्षांचा. इंग्लंडचा, वडील स्वीडिश आणि आईकडून भारतीय वंशाचा. यंदाच्या २२ जणांत पूर्ण नवा असा हा एकटाच. आणि त्सुनोडा? रेड बुलचा राखीव चालक.

सीट मिळवायला लागतं काय

नुसता वेग पुरत नाही. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला सुपर लायसन्स लागतं. त्याची अट ढोबळमानाने अशी की खालच्या स्पर्धांमध्ये तीन हंगामांत मिळून ४० गुण जमवायचे आणि वय १८ पूर्ण हवं. वर्स्टॅपेन २०१५ मध्ये १७ व्या वर्षी उतरला, त्यानंतर हे नियम कडक झाले. या गुणांच्या तक्त्यात फॉर्म्युला टूला वजन जास्त, अमेरिकेतल्या इंडीकारला कमी. म्हणून इंडीकारच्या नऊ शर्यती जिंकलेला कोल्टन हर्टा, कॅडिलॅकचा चाचणी चालक असूनही, यंदा फॉर्म्युला टूमध्ये उतरणार आहे. पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाला टीईटी द्यायला लावण्यासारखं आहे, पण नियम म्हणजे नियम.

बरं, फॉर्म्युला टू जिंकलं म्हणजे तरी सीट मिळते का? तिथे जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी परत त्या स्पर्धेत भाग घेता येत नाही. २०२२ चा विजेता ड्रुगोविच, २०२३ चा विजेता पूरशेअर, दोघांनाही फॉर्म्युला वनची एकही शर्यत मिळालेली नाही. वर जागा नाही, खाली परवानगी नाही. २०२४ चा विजेता बोर्टोलेटो नशीबवान, त्याला साउबरने घेतलं. २०२५ चा विजेता फोर्नारोली पुन्हा सीटशिवाय. २०२४ चा उपविजेता हाजार मात्र आज रेड बुलमध्ये, कारण त्याच्या पाठीशी एका टीमची शाळा होती.

पाठीशी टीम नसेल तर पैसा हवा. प्रायोजक घेऊन येणारे चालक हा या खेळातला जुना विषय आहे आणि आपल्याला तो आपल्या माणसांमुळे ठाऊक आहे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन टीमकडून उतरणारा पहिला भारतीय. २०११ मध्ये टाटांचं पाठबळ घेऊन तो हिस्पानिया टीममध्ये होता. हंगामाच्या मध्यावर त्याला उतरवून ती सीट रेड बुलच्या एका होतकरू पोराला दिली, कारण त्या पोराच्या सरावासाठी रेड बुल पैसे मोजत होती. तो पोरगा म्हणजे डॅनियल रिकार्डो. ग्रेटर नोएडात पहिली इंडियन ग्रां प्री झाली त्या एका शर्यतीपुरती नारायणला गाडी परत मिळाली. करुण चांढोकचंही २०१० मध्ये तेच झालं, दहा शर्यती आणि मग सीट दुसऱ्याला. म्हणजे लॉसन किंवा डूहान (सहा शर्यतींत बाहेर, जागी अर्जेंटिनाचा कोलापिंटो) यांच्या नशिबी आलं ते काही नवं नाही.

खरा करार कोणता?

दोन टीम एकाच चालकावर हक्क सांगू लागल्या तर? १९९१ मध्ये मायकेल शूमाखर बेल्जियमच्या शर्यतीत जॉर्डनच्या गाडीत पहिल्यांदा उतरला. दोन आठवड्यांनी मोंझाला तो बेनेटनच्या गाडीत होता. बेनेटनचा रॉबेर्तो मोरेनो बेल्जियममध्ये चौथा आला होता, तरी त्याला हलवलं. एडी जॉर्डन नंतर सांगत की शूमाखरने सही केलेल्या पत्रात "तो करार मी करीन" असं हवं होतं, तिथे वकिलांनी इंग्रजीतलं एक छोटं अक्षर बदलून "एखादा करार" करून टाकलं होतं. इंग्रजीतल्या या उपपदांना मराठीत किंवा उर्दूत जोडीचा शब्दच नाही, म्हणून आपली मुलं परीक्षेत तिथे चुकतात. इथे त्या एका अक्षरावर भावी सात वेळचा विश्वविजेता हातचा गेला.

त्या गोंधळानंतर करार-मान्यता मंडळ स्थापन झालं, जिनिव्हात. टीमने आपले करार तिथे नोंदवायचे. वाद झाला तर मंडळातले कायदेतज्ज्ञ फक्त एवढंच ठरवतात की चालक कोणाचा. पैशांची भांडणं वेगळी. याचा गाजलेला निकाल २०२२ चा. अलोन्सोने अल्पीन सोडली, तेव्हा अल्पीनने २ ऑगस्टला ऑस्कर पियास्ट्रीचं नाव जाहीर केलं. काही तासांत खुद्द पियास्ट्रीने सांगितलं की मी काही या टीमसाठी चालवणार नाही! मंडळासमोर कागद आले. अल्पीनकडे पक्का करार नव्हताच, मॅक्लारेनकडे ४ जुलैचा सही झालेला करार होता. २ सप्टेंबरला निकाल मॅक्लारेनच्या बाजूने. आज तोच पियास्ट्री नॉरिससोबत विजेतेपदासाठी झुंजतो आणि अल्पीन २०२५ मध्ये शेवटची आली.

या हिवाळ्यात शांतता का

गेल्या हिवाळ्याच्या मानाने यंदा चालक जवळजवळ हललेच नाहीत. जुन्या दहा टीमपैकी रेड बुलच्या दोन टीम सोडल्या तर बाकी आठांनी हंगामाअखेरची जोडी कायम ठेवली. कारण नियम. २०२६ पासून गाडी आणि इंजिन दोन्ही नव्या पद्धतीची, जवळपास निम्मी ताकद विजेची आणि इंधन शाश्वत स्रोतांपासून बनवलेलं. सगळंच अनोळखी असताना चालकही अनोळखी नको, असा सरळ विचार. कॅडिलॅकनेही त्याच हिशोबाने पेरेझ आणि बोटास घेतले. दोघेही २०२५ भर सीटशिवाय होते, पण दोघांच्या मिळून १६ शर्यती जिंकलेल्या. कोऱ्या गाडीत बिघाड कुठे आहे ते सांगायला हात मुरलेला माणूस लागतो.

यंदा हललीत ती इंजिनं आणि साहेब लोक. होंडा रेड बुल सोडून अ‍ॅस्टन मार्टिनकडे, रेड बुल फोर्डच्या साथीने स्वतःचं इंजिन करणार, साउबरची आता ऑडी झाली, रेनॉने इंजिन बनवणं बंद केलं म्हणून अल्पीन मर्सिडीजचं घेणार. रेड बुलचे क्रिस्टियन हॉर्नर यांना जुलैत काढलं, वीस वर्षांनंतर. गाड्या रचणारे अ‍ॅड्रियन न्यूई अ‍ॅस्टन मार्टिनमध्ये, आता टीमप्रमुखही तेच. मे २०२४ मध्ये त्यांनी रेड बुल सोडणार म्हणून सांगितलं, पण नव्या ठिकाणी काम सुरू करता आलं मार्च २०२५ मध्ये. जुन्या टीमची ताजी गुपितं शिळी व्हावीत म्हणून मधले महिने पगार घेऊन घरी बसायचं, अशी अट असते. चालकाला अशी सक्ती सहसा नसते, कारण गाडीचे नकाशे त्याच्या डोक्यात नसतात.

निको हुल्केनबर्गला आता ऑडीच्या नावाने सीट आहे. हा माणूस २०१९ नंतर तीन वर्षं बदली चालक म्हणून कधीमधी दिसायचा, लोकांनी त्याचं खातं बंद केलं होतं. गेल्या जुलैत सिल्व्हरस्टोनच्या पावसात एकोणिसाव्या जागेवरून सुटून तो तिसरा आला. २३९ वी शर्यत, आणि पहिलं पोडियम.

फेब्रुवारीत बहरीनला चाचण्या आहेत, ११ ते १३ आणि १८ ते २०. तिथल्या वेळांवरून फार अंदाज बांधू नका, कोणी टाकीत किती इंधन भरलंय ते कोणी सांगत नाही. बघायचंच असेल तर हाजार दिवसाला किती फेऱ्या पूर्ण करतो आणि वर्स्टॅपेनपासून किती दूर राहतो ते बघा. त्सुनोडा त्याच गॅरेजमध्ये असेल.